चौथ्या आठवड्याचा प्रेक्षक

मराठी माणूस मराठी सिनेमाला जात नाही, असं म्हणायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. एखादा बरा चित्रपट चार दिवसांत पडद्यावरून उतरला की लगेच प्रेक्षकांच्या नावाने बोटं मोडली जातात. मी त्या प्रेक्षकांपैकी एक आहे. समीक्षक नाही, महोत्सवांचे पास काढणारी नाही. नोकरी आहे, घर आहे, सासूबाईंचं औषधपाणी आहे. महिन्याकाठी एखादा चित्रपट आणि रात्री जेवताना समोर चालू असतील तेवढ्या मालिका, इतकाच माझा या क्षेत्राशी संबंध. पण तिकीट काढणारी बरीच माणसं माझ्यासारखीच असतात, म्हणून लिहिते आहे. आम्ही येत नाही हे खरं नाही. आम्ही उशिरा येतो, आणि आम्ही पोहोचेपर्यंत चित्रपट गेलेला असतो.

उशीर का होतो, ते सांगते. हिंदीतल्या मोठ्या नटाचा चित्रपट पहिल्या दिवशीच बघायचा हे लोक आधीच ठरवून बसलेले असतात, कारण त्याची जाहिरात दोन महिने डोळ्यांसमोरून हलत नाही. मराठी निर्मात्याकडे तेवढा पैसा नसतो. त्याची खरी जाहिरात म्हणजे चित्रपट बघून घरी गेलेला माणूस. तो माणूस सोमवारी ऑफिसात बोलतो, त्याची बायको बहिणीला फोनवर सांगते, बहिणीचा निरोप आमच्या ग्रुपवर बुधवारी येतो. पहिल्या रविवारी घरात पाहुणे असतात, दुसऱ्या रविवारी मुलाची परीक्षा. तिसऱ्या रविवारी जमतं. यात आळस नाही की मराठीबद्दलची अनास्था नाही. नोकरदार, कुटुंबवत्सल घराचं आठवड्याचं चक्रच असं फिरतं. आणि चित्रपटगृहांचं आजचं गणित शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांवर बेतलेलं आहे. सोमवारी सकाळी आकडे बघायचे आणि पुढचे खेळ ठरवायचे. मराठी सिनेमाचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे, असं माझं मत आहे. कथा, कलाकार, प्रसिद्धी, भाषेचं प्रेम हे सगळे मुद्दे त्यानंतरचे.

‘बाईपण भारी देवा’ आठवून बघा. ३० जून २०२३ रोजी आलेला केदार शिंदे यांचा हा चित्रपट. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढीच गोष्ट. चित्रपट म्हणून तो मला सगळा पटला नव्हता. उत्तरार्धात बरंच काही सोपं करून टाकलेलं आहे, पुरुष पात्रं तर एका ओळीत आटोपली आहेत. पण रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते एकमेकींशी बोलत नाहीत त्या प्रसंगांत माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाई डोळे पुसत होत्या, आणि नंतर मंगळागौरीचे खेळ सुरू झाले तेव्हा त्याच बाई टाळ्यांनी ठेका धरत होत्या. त्या वयाच्या बायकांना मुख्य भूमिकेत, तेही सहाजणींना एकत्र, आपण पडद्यावर किती वेळा बघतो? या चित्रपटाने पहिल्या आठवड्यात साधारण साडेबारा कोटी मिळवले आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. दुप्पट! हिंदीतला बडा चित्रपट दुसऱ्या आठवड्यात निम्म्यावर आला तरी टिकला असं म्हणतात. इथे उलटं झालं, कारण या चित्रपटाचा प्रेक्षक म्हणजे चाळिशी-पन्नाशीच्या बायका. त्यांना एकटीने उठून जायचं नसतं. दहाजणींचा गट जमवायचा, साड्या ठरवायच्या, घरातल्यांच्या जेवणाची सोय करायची, मग जायचं. त्यांना दोन आठवडे मिळाले आणि त्यांनी चित्रपटगृहं भरून टाकली. तेच खेळ पहिल्या सोमवारी कमी केले असते तर? मग आपण सगळ्यांनी मिळून म्हटलं असतं की बायकांचा सिनेमा चालत नाही.

शेजारच्या गुजरातचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १० ऑक्टोबर २०२५ रोजी ‘लालो – कृष्ण सदा सहायते’ नावाचा कमी खर्चात केलेला चित्रपट आला. नावाजलेला नट नाही, डोळ्यांत भरेल अशी जाहिरात नाही. पहिल्या आठवड्याची कमाई लाखांत मोजावी लागली. दिवाळी झाली, लोक एकमेकांना सांगत राहिले, आणि चौथ्या आठवड्यात त्याने कोट्यवधींची मजल मारली. पुढे शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला गुजराती चित्रपट ठरला. चौथ्या आठवड्यात! आपल्याकडे चौथा आठवडा बघायला मिळालेले मराठी चित्रपट वर्षाकाठी किती असतील, याचा विचार करून बघा. लाखांतली सुरुवात झालेला मराठी चित्रपट दुसऱ्या शुक्रवारी बहुतेक ठिकाणी शिल्लकच नसतो.

मग शिल्लक न राहिलेल्यांची आठवण काढायला हवी. मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ची. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ साली आशियाई चित्रपटांना दिला जाणारा नेटपॅक पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट ७ मार्च २०२५ रोजी आपल्याकडे लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. सविता नावाची मुलगी, वडील कापूस पिकवणारे, घरात तिच्या लग्नाची घाई. चित्रपट सुरू होतो तिच्या स्वप्नाने: मुलगा पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसला आहे आणि बायका त्याला नाव, शिक्षण, उंची विचारत आहेत. सभागृहात हशा पिकतो. मग खरे पाहुणे येतात, तेच प्रश्न सविताला विचारतात, पुन्हा दुसरे येतात, पुन्हा तेच प्रश्न, तशीच बैठक. तिसऱ्या वेळेपर्यंत कुणी हसत नाही. दिग्दर्शकाने एकही भाषण न देता, केवळ तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवून आपल्याला त्या मुलीच्या जागी नेऊन बसवलं आहे. गेल्या काही वर्षांत मराठीत बघितलेल्या सगळ्या चित्रपटांत मला हा सर्वांत वरचा वाटतो. कापसाचा भाव आणि मुलीचं लग्न यांचा इतका सरळ संबंध दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही. आमच्या शहरात तो पहिल्या आठवड्यात एका मल्टिप्लेक्समध्ये सकाळच्या वेळी होता. मी माझ्या जावेला, शेजारणीला, ऑफिसातल्या मुलींना सांगितलं. त्यांच्यातल्या दोघीतिघी पुढच्या रविवारी जायला निघाल्या तर कुठेच खेळ नव्हता. ज्या मुलींना आजही दाखवण्याच्या कार्यक्रमात बसावं लागतं, त्यांनी हा चित्रपट बघायला हवा होता. त्या शाळा-कॉलेजात आणि नोकरीवर असतात त्या वेळी तो लावला गेला.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात २०२५ साली जागतिक विभागातला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. एवढा मान मिळवलेला मराठी चित्रपट १९ सप्टेंबरला आपल्याकडे लागला, त्याच दिवशी ‘जॉली एलएलबी ३’ आला. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा, त्याला पुन्हा भेटलेला बालपणीचा मित्र, त्यांच्यातलं प्रेम, आणि हे सगळं जाणून मुलाच्या बाजूने उभी राहिलेली आई. पार्श्वसंगीत नाही, रडारड नाही. अशा चित्रपटाला सवड लागते. तो बघून आलेला माणूससुद्धा लगेच बोलत नाही, दोन दिवसांनी बोलतो. परेश मोकाशींचा ‘वाळवी’ १३ जानेवारी २०२३ ला आला, आणि बारा दिवसांनी ‘पठाण’ येऊन धडकला. ‘वाळवी’ मी शेवटी घरी टीव्हीवर बघितला. खुनाचा कट आणि त्यातली फजिती असा तो प्रकार, एकेका वळणावर दोनशे माणसांनी एकदम दचकायला आणि हसायला हवं असा लिहिलेला. घरात आम्ही तिघं होतो, मध्येच दाराची बेल वाजली. राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलेल्या त्या कलाकृतीची ती योग्य जागा नव्हती.

इथे लगेच सांगितलं जातं की हिंदीचं आक्रमण आहे. जुलै २०२५ मध्ये ‘सैयारा’ आणि ‘येरे येरे पैसा ३’ एकाच दिवशी आले, मराठी चित्रपटाचे पडदे कमी झाले, आंदोलनं झाली. हा वाद नवा नाही. १९७१ साली दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना, तेव्हा ते बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले आणि शिवसेनेने तो चित्रपट लावायला लावला. पुढे ‘सोंगाड्या’ने रौप्यमहोत्सव केला. त्या गोष्टीतला आंदोलनाचा भाग सगळ्यांना पाठ आहे. रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे, हा भाग मात्र कुणी लक्षात घेत नाही. त्या काळात चित्रपटाचं यश आठवड्यांत मोजत. खेड्यातून जत्रेला आलेला माणूस, सुट्टीत मामाकडे आलेली मुलं, पगार झाल्यावर कुटुंबाला घेऊन येणारा गिरणी कामगार, सगळ्यांची वाट बघत चित्रपट थांबलेला असे. आंदोलनाने ‘सोंगाड्या’ला चित्रपटगृहाचं दार उघडून दिलं, त्याला मोठं केलं ते त्या थांबण्याने.

एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणं सक्तीचं केल्याचं जाहीर केलं. मोठा गदारोळ झाला, चर्चा झाल्या आणि अखेर वेळ ठरली ती दुपारी १२ ते रात्री ९. कागदावर हा मराठीचा विजय. प्रत्यक्षात मंगळवारी दुपारी सव्वाबाराला लावलेला खेळही या अटीत बसतो. मंगळवारी दुपारी सव्वाबाराला महाराष्ट्रात चित्रपट बघायला कोण मोकळं असतं? ज्या अटीत प्रेक्षकाच्या घड्याळाचा विचार नाही, ती अट चित्रपटाच्या उपयोगाची नाही. आणि किती दिवस दाखवायचा, हा प्रश्न तर त्या सगळ्या वादात बाजूलाच पडला.

चित्रपटगृहवाल्यांची बाजू मी समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. जागेचं भाडं, वीज, माणसांचे पगार हे रिकाम्या खुर्च्यांनाही चुकत नाहीत. तीनशे खुर्च्यांत सात माणसं बसली तर कोणताही व्यावसायिक तो खेळ काढणारच. त्यांचा राग करून उपयोग नाही. पण त्यांच्या स्वतःच्या हिशेबातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संप झाला होता. तो मिटताना तिकिटांच्या उत्पन्नाची जी वाटणी ठरली त्यात पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या बाजूला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के असा वाटा होता. म्हणजे चित्रपट जितका टिकेल तितका चित्रपटगृहाचा वाटा वाढत जातो. दोन-तीन आठवड्यांनी भरणारा चित्रपट त्यांच्यासाठी जास्त फायद्याचा आहे. तरीही पहिल्या तीन दिवसांवरच सगळं ठरतं, कारण पुढच्या शुक्रवारचा नवा मोठा चित्रपट आधीच पडदे मागत दारात उभा असतो, आणि तो पुरवणारा वितरक वर्षभर मोठे चित्रपट देणारा असतो. त्याला नाही म्हणणं अवघड, एका छोट्या मराठी निर्मात्याला नाही म्हणणं सोपं. हा निर्णय भाषेच्या द्वेषातून येत नाही. तो ताकदीच्या फरकातून येतो, आणि म्हणूनच त्यात सरकारने हात घालायला हवा.

आणखी एक साधी गोष्ट. मोठ्या हिंदी किंवा इंग्रजी चित्रपटाचं आगाऊ बुकिंग आठवडाभर आधी सुरू होतं. मराठीचे खेळ कित्येकदा गुरुवारी रात्रीपर्यंत ॲपवर दिसतच नाहीत. शनिवारी कुठे जायचं हे आमच्या घरात गुरुवारी ठरतं. गुरुवारी जे दिसत नाही ते यादीत नसतं. मग शुक्रवारी आकडे कमी येतात, आणि कमी आकड्यांमुळे सोमवारी खेळ जातात.

मराठी प्रेक्षक घराबाहेरच पडत नाही, हा समज तर ‘छावा’ने खोडून काढला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लागलेला तो हिंदी चित्रपट देशभर चालला, पण त्याच्या कमाईचा सगळ्यात मोठा हिस्सा मुंबई-महाराष्ट्रातून आला. गावोगावचे लोक ट्रॅक्टर-टेम्पो करून गेले. सकाळी सहाचे खेळ लागले आणि भरले. मला स्वतःला तो चित्रपट फार आरडाओरड्याचा वाटला. संभाजी महाराजांची विद्वत्ता, त्यांचं संस्कृत लेखन, राज्यकारभार यांना त्यात फारच थोडी जागा मिळाली आणि शेवटचा छळ मात्र लांबत गेला. पण प्रेक्षक आहे, तो पैसे खर्च करतो, आपला इतिहास बघायला धावत जातो, हे त्याने दाखवून दिलं. म्हणून प्रेक्षक नाही हे कारण यापुढे कुणी देऊ नये.

आता मराठी निर्मात्यांशी बोलायला हवं, कारण आपल्याच चित्रपटाला आपणच वेळ देत नाही असंही होतं. १ मे २०२५ ला ‘आता थांबायचं नाय!’ आणि ‘गुलकंद’ एकाच दिवशी आले, आणि समोर ‘रेड २’ होता. ‘आता थांबायचं नाय!’ हा मुंबई महापालिकेच्या चतुर्थ श्रेणी कामगारांनी रात्रशाळेत जाऊन दहावी पास होण्याची गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना इतक्या संयमाने काम करताना बघून मी हरखून गेले होते. ‘गुलकंद’ टीव्हीवरच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’च्या मंडळींचा, घरगुती विनोदाचा. दोन्ही चित्रपटांचा प्रेक्षक तोच, मध्यमवर्गीय मराठी कुटुंब. एका कुटुंबाला एका आठवड्यात दोन चित्रपट परवडत नाहीत. तेच १२ सप्टेंबर २०२५ ला झालं: ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’, तिन्ही एकाच शुक्रवारी. त्यात ‘दशावतार’ चालला. वयाच्या ८१व्या वर्षी दिलीप प्रभावळकरांनी बाबुली मेस्त्री हा दशावतारी कलावंत ज्या ताकदीने उभा केला ते बघून मी चित्रपट संपल्यावरही जागेवरून उठले नव्हते. पूर्वार्धातलं कोकण, रंगपटातलं वातावरण, बापलेकाचं नातं हे सगळं अस्सल आहे. उत्तरार्धात खाणवाले खलनायक इतके सपाट झाले की सूड कुणावर उगवला जातोय याचं वजनच उरलं नाही, असं मला वाटलं. पण तो वाद चित्रपट बघितलेल्या दोन माणसांनी घालायचा. बाकीच्या दोन चित्रपटांबद्दल वाद घालायला माझ्या ओळखीत कुणी बघितलेलंच नव्हतं.

दर वर्षी शंभराच्या घरात मराठी चित्रपट तयार होतात आणि त्यांतले बरेचसे चित्रपटगृहात जाण्याच्या लायकीचे नसतात, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. अनुदानाची आशा, हौस, कुणाला तरी नट व्हायचं होतं, अशा कारणांनी झालेल्या चित्रपटांमुळे चांगल्या चित्रपटांच्या वाट्याचे खेळ खाल्ले जातात. शासन चित्रपट तयार करायला पैसे देतं, ते ठीक आहे. तो लोकांपर्यंत पोहोचावा यासाठी मात्र त्या मानाने फारच कमी हालचाल दिसते.

या सगळ्याच्या अगदी उलट रोग आपल्या टीव्हीला लागला आहे. चित्रपटाला वेळ मिळत नाही, आणि मालिकेला इतका मिळतो की त्यात तिचा जीव जातो. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा आमच्या घरात सगळे काम थांबवून बघत होते. पंचवीस वर्षं घरासाठी राबलेल्या अरुंधतीला कुणी विचारत नाही, ही गोष्ट सासूबाईंना आणि मला सारखीच लागली होती. मालिका संपली नोव्हेंबर २०२४ मध्ये. त्या पाच वर्षांत अरुंधतीच्या आयुष्यात इतकी संकटं आणली गेली की मूळ प्रश्न कोणता होता हेच विसरायला झालं. सासूबाई म्हणाल्या होत्या, “अगं, हिला आता सुखाने राहू द्या की.” त्यांना तिची काळजी वाटत होती, आणि लिहिणाऱ्यांना पुढच्या आठवड्याच्या टीआरपीची. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ तर २०१६ ते २०२१ चालली. त्यातल्या नागपूरच्या राधिकेची बोली ऐकून विदर्भातल्या माझ्या मैत्रिणींना केवढा आनंद झाला होता! तीच अनिता दाते नंतर ‘वाळवी’त दिसली. दोन तासांहून कमी वेळात तिने जो धक्का दिला, त्यासाठी मालिकेत तिला साडेचार वर्षांत एकदाही वाव मिळाला नव्हता. कलाकार तीच आहे. तिला देण्यात आलेल्या वेळेचा आकार वेगळा आहे.

२०१६-१७ च्या आसपासचा काळ मला म्हणूनच फार आशेचा वाटला होता. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये सिंधुदुर्गातलं घर, ‘तुझ्यात जीव रंगला’त कोल्हापूरची तालीम, ‘लागिरं झालं जी’त साताऱ्याकडची फौजी घरं. डोळे मिटून नुसतं ऐकलं तरी आपण कुठे आहोत ते कळायचं. आज लोकप्रिय मालिकांपैकी कितीतरी मालिकांच्या कथा बंगाली, तमिळ, मल्याळम मालिकांवरून घेतलेल्या असतात. ‘आई कुठे काय करते’ मूळ बंगाली, ‘ठरलं तर मग’ तमिळ. कथा घेण्यात काही वाईट नाही, चांगली गोष्ट कुठूनही यावी. पण त्या घरांना आता गाव राहिलं नाही. मोठा बंगला, मोठा जिना, मधोमध देवघर. ते पुण्यात आहे की कोलकात्यात, काही फरक पडत नाही. दिवसाला एक भाग, आठवड्याला सहा, वर्षाला तीनशेहून अधिक भाग लिहायचे असतील तर गाव, बोली, व्यवसाय यांचे तपशील गोळा करायला लेखकाला उसंत मिळणार तरी कुठून? दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची मालिका असे. तेरा भागांत गोष्ट संपवायची आहे हे माहीत असलेला लेखक पहिल्या भागापासून शेवट डोळ्यांसमोर ठेवून लिहितो. आपल्या वाहिन्यांनी रोज रात्रीचा एक अर्धा तास, फक्त एक, अशा तेरा-सव्वीस भागांच्या मालिकांसाठी राखून ठेवावा, अशी माझी मनापासून मागणी आहे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ इतकी वर्षं ताजी राहिली यामागे मला हेच कारण दिसतं. प्रत्येक प्रहसन त्या रात्रीच संपतं, आणि समीर चौघुले किंवा नम्रता संभेराव पुढच्या वेळी पूर्णपणे वेगळं माणूस होऊन येतात.

टीव्हीकडून चित्रपटगृहांनी मात्र एक गोष्ट नक्की उचलावी: ठरलेली वेळ. सासूबाईंना साडेआठला काय असतं हे सांगावं लागत नाही. चित्रपटगृहात मराठीची अशी वेळच नाही. या शुक्रवारी सकाळी दहा, पुढच्या शुक्रवारी रात्री पावणेअकरा, कधी शहराच्या या टोकाला, कधी त्या. म्हणून मला वाटतं, सरकारने बारा ते नऊची ती निरुपयोगी अट काढून टाकावी आणि तिच्या जागी एकच अट घालावी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मल्टिप्लेक्समध्ये एका पडद्यावरचा संध्याकाळी साडेसहाचा खेळ वर्षभर मराठीसाठी राखीव. कोणता चित्रपट लावायचा ते चित्रपटगृहाने ठरवावं, वाईट चित्रपट नाकारायचा त्यांना पूर्ण अधिकार असावा. पण एकदा लावला की तीन आठवडे काढायचा नाही, आणि त्याचं बुकिंग आधीच्या सोमवारी उघडायचं. दिवसाला एक खेळ, एका पडद्यावर. एवढ्याने कुणाचं दिवाळं निघणार नाही.

आणि सोमवार ते गुरुवार त्या खेळाचं तिकीट शंभर रुपयांच्या आत ठेवावं. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के. म्हणजे करानेही वाट मोकळी केली आहे. २३ सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय चित्रपट दिनी तिकीट ७५ रुपये ठेवलं होतं, तेव्हा देशभरात एका दिवसात सुमारे ६५ लाख लोक चित्रपटगृहांत गेले. तो दिवस शुक्रवार होता, सुट्टीचा वार नव्हता. चार माणसांच्या कुटुंबाला आज रविवारी तिकिटं, पॉपकॉर्न आणि पार्किंग मिळून जो खर्च येतो त्यात किराण्याचा मोठा भाग भरून निघतो. अशा वेळी घरातल्या बाईला सांगितलं जातं की घरी आला की बघू, ओटीटीवर येईलच. तिला ‘स्थळ’ बघायचा असतो, आणि तो तिने मोठ्या पडद्यावर, इतर बायकांच्या सोबत बसून बघणं गरजेचं असतं.

राहिला प्रश्न एकाच शुक्रवारी तीन-तीन चित्रपट आणण्याचा. तो सोडवायला कायदा लागत नाही. कोल्हापूरला मुख्यालय असलेलं चित्रपट महामंडळ आहे, निर्मात्यांच्या संघटना आहेत. वर्षात बावन्न शुक्रवार असतात आणि मोठ्या पडद्यावर यावेत असे मराठी चित्रपट तीस-चाळीसपेक्षा जास्त नसावेत. तारखा वाटून घेण्यासाठी एका टेबलाशी बसायला लागणारा मनाचा मोठेपणा दाखवा, एवढंच मागणं आहे. मी आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी तिसऱ्या रविवारी यायला तयार आहोत.